‘मजा आहे ना तिकडे?’

मी समुपदेशक, त्यामुळे दिवाळी संपली की एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. कधी फोनवर, कधी समोर बसून, कधी एखाद्या लग्नात जेवणाच्या रांगेत हातात ताट धरून. “मॅडम, तिकडे राहिलं की डिप्रेशन येतं म्हणे, खरं का हो?” ‘तिकडे’ म्हणजे कुठे, ते बदलतं. शिलाँगला बदली झालेला बँकेतला अधिकारी मेघालयाबद्दल विचारतो, नवीन लग्न झालेली मुलगी मिशिगनबद्दल. पण अलीकडे सगळ्यात जास्त वेळा कानावर आलेलं राज्य म्हणजे वॉशिंग्टन. (व्हाइट हाऊसवालं नव्हे. ते निराळं. हे सिएटलवालं, नकाशात पार वरच्या डाव्या कोपऱ्यातलं.)

पूर्वी माझ्याकडे याचं एक तयार उत्तर असे : राज्याला मन नसतं, मन आपल्याला असतं. ऐकणारा मान डोलवायचा आणि पंधरा दिवसांनी तोच प्रश्न घेऊन परत यायचा. उत्तर चटपटीत होतं, कामाचं नव्हतं. ते मी ज्या मुलीमुळे सोडलं, तिची ही गोष्ट.

मृण्मयी (नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही) तुळशीच्या लग्नानंतर लगेचच माझ्या दादरच्या खोलीत आली, आईबरोबर. चुलतभावाच्या लग्नासाठी तीन आठवडे मुंबईत आली होती. वय ३२. इथे बँकेत नोकरी, आठ वर्षं बोरिवली ते चर्चगेट. लग्नानंतर नवऱ्याबरोबर बेलव्ह्यूला, म्हणजे सिएटलहून तळ्यापलीकडे. व्हिसा एच-फोर, म्हणजे तिकडे नोकरीसाठी गेलेल्याच्या जोडीदाराला मिळतो तो. त्यावर सरसकट नोकरी करता येत नाही. नवऱ्याच्या ग्रीन कार्डचं काम ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलं तर परवान्यासाठी अर्ज करता येतो, आणि ही सोयसुद्धा २०१५ पासूनची. यांचं काम त्या टप्प्याच्या बरंच अलीकडे होतं.

आधी आईच बोलल्या. “तुम्हीच सांगा, ते राज्यच तसलं ना? ऊन म्हणून नाही. जावयांना टेक्सासला बदली मिळतेय. घ्यावी की नाही, एवढंच सांगा.”

थोडक्यात, माझ्याकडून त्यांना हवामान खात्याचा दाखला हवा होता.

आईंना मी बाहेर चहा घ्यायला पाठवलं. मृण्मयी म्हणाली, “मला तिकडे आवडत नाही असं नाही मॅडम. काहीच वाटत नाही. अकराला उठते. दात घासले तरी दमायला होतं.”

आता, अंधार खोटा नाही हे आधीच सांगून टाकते, नाहीतर ‘सगळं मनाचं असतं’ म्हणणाऱ्यांत माझी गणती व्हायची. मुंबईतला वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा अकरा तासांच्या आसपास असतो. सिएटल ४७ अंशांच्याही वर. तिथे डिसेंबरात तो साडेआठ तासांचाही भरत नाही. आठच्या सुमाराला उजाडतं आणि संध्याकाळी साडेचारच्या आत सूर्य मावळलेला असतो. अधल्यामधल्या वेळात ढग. अशा ऋतूबरोबर येणाऱ्या आणि वसंतात निवळणाऱ्या उदासीनतेचं नीट वर्णन नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केलं. खूप झोप, गोड आणि पिठूळ खाण्याची ओढ, वाढतं वजन. मृण्मयीला यातलं बरंच होतं. तिथल्या डॉक्टरांना भेट, थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व तपासून घे, असं मी तिला पहिल्याच भेटीत सांगितलं. सकाळी २०-३० मिनिटं समोर बसायचे १०,००० लक्सचे (लक्स म्हणजे उजेडाचं माप) दिवे मिळतात, त्याबद्दलही त्यांनाच विचार म्हटलं. (डोळ्यांचा विकार असेल किंवा मन कधी उदासीच्या तर कधी उन्मादाच्या टोकाला जात असेल, तर हे दिवे आपल्या मनाने लावायचे नाहीत.) आणि ढग असले तरी सकाळी बाहेर पडायचंच. ढगाळ आभाळाखालचा उजेडसुद्धा घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी पट जास्त असतो.

पावसाची मात्र उगाच बदनामी झाली आहे.

“सारखा पाऊस हो तिथे,” ती म्हणाली.

“किती?”

“भरपूर.”

मी मोबाइलवर आकडे शोधल्यासारखं केलं. खरं तर ते मला पाठ होते. सिएटलला वर्षभरात साधारण १००० मिलिमीटर. मुंबईत त्याच्या दुपटीहून जास्त, तोही चार महिन्यांत. मग विचारलं, “२६ जुलै २००५ ला तू कुठे होतीस?”

तिचा चेहराच बदलला. तेव्हा ते सांताक्रूझला राहत. ही चौदा वर्षांची, शाळेत अडकलेली. वीज नाही, फोन नाही, रात्रभर बाकांवर. समोरच्या चाळीतल्या बायका पातेलंभर खिचडी घेऊन आल्या, ती मुलींनी वह्यांच्या पुठ्ठ्यांवर घेऊन खाल्ली. बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी कमरेएवढ्या पाण्यातून आले. हे सगळं ती हातवारे करत, हसत सांगत होती. मध्येच थांबली. “किती माणसं गेली ना त्या दिवशी. असं हसायला नको.”

त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. सिएटलचं जवळजवळ अख्खं वर्ष.

“मग तो दिवस डिप्रेसिंग की एन्जॉयेबल?” मी विचारलं.

बराच वेळ ती गप्प. मग एवढंच म्हणाली, “माणसं होती.”

इथे कुणाही समुपदेशकाला वाटेल की झालं, सापडलं. एकटेपण. महाराष्ट्र मंडळात जा, गणपतीच्या कार्यक्रमात नाव दे, शेजारणीशी ओळख काढ. मीही हे सांगितलं, आणि त्याने थोडं बरं वाटतंच. पण तिचं ते ‘असं हसायला नको’ माझ्या मनात अडकून राहिलं होतं. म्हणून जाताना तिला एक वही करायला सांगितली. रोज रात्री तीनच गोष्टी लिहायच्या : आभाळ कसं होतं, कोणाशी बोललीस, आणि मनाला दहापैकी किती गुण.

पुढच्या भेटी ऑनलाइन झाल्या. माझ्याकडे रात्रीचे साडेआठ, तिच्याकडे सकाळचे सात. डिसेंबर-जानेवारीत तिच्याही खिडकीत काळोख आणि माझ्याही. पहिल्या तीन-चार भेटींत विशेष काही घडलं नाही, त्या सोडून देते. संक्रांतीच्या सुमाराला तिने पाच आठवड्यांची वही वाचून दाखवली.

माझा अंदाज होता की करड्या दिवसांना कमी गुण असतील. तसं नव्हतं. भुरभुर पावसाचे दोन बुधवार, ती वाचनालयात गेलेली, तिथल्या बाईंनी हटकून दोन शब्द बोललेले. सहा आणि सात. तळाला होते ते शनिवार. तीन, दोन, तीन, दोन, दोन. त्यातले दोन शनिवार तर लख्ख उन्हाचे. रेनिअर पर्वत दिसला होता त्या दिवशी. (४,३९२ मीटर उंच, बर्फाने झाकलेला. तो दिसला की ‘आज डोंगर बाहेर आलाय’ असं तिथली माणसं एकमेकांना सांगतात.)

“शनिवारी काय असतं?”

“काही नाही. सुट्टी. फिरून येतो. संध्याकाळी घरी फोन.”

“किती वाजता?”

“साडेसहाला. तुमच्याकडे रविवारी सकाळी आठ.”

रविवारची सकाळ, बोरिवलीत पोह्यांच्या बशा, आई-बाबा एका चौकोनात, सासू-सासरे दुसऱ्या. आणि तिकडे ही, सहाच्या ठोक्याला पडदे ओढून घेणारी, घरातले सगळे दिवे लावणारी, लिपस्टिक लावून बसणारी. उन्हाच्या दिवशी काढलेले व्हिडिओ ती बाजूला ठेवून द्यायची, पुरवून पुरवून दाखवायला.

“काय विचारतात?”

“मजा आहे ना तिकडे?”

“तू काय सांगतेस?”

“हो.” थोड्या वेळाने, “एकदा रडू आलं होतं. सासूबाई म्हणाल्या, तुला काय कमी आहे गं? त्या चांगल्या आहेत हो. बरोबरच आहे त्यांचं. मला आनंदी असायलाच हवं. लोक यासाठी नवस बोलतात.”

‘मला आनंदी असायलाच हवं.’ तासाभरात हे वाक्य चौथ्यांदा आलं होतं. मी ते मोठ्या अक्षरांत कागदावर लिहिलं, त्यातल्या ‘च’भोवती गोल काढला आणि कागद कॅमेऱ्यासमोर धरला.

“हा च कोणाचा?”

“माझा.” मग, “नाही. सगळ्यांचा. मीच घेतला.”

“तो काढ आणि वाच.”

“मला आनंदी असायला हवं.” ती थांबली. ओठांनी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. “नाही मॅडम. असंही नाही. मला आनंदी असायला... आवडेल.”

मी काहीच बोलले नाही. तिच्या मागची खिडकी एव्हाना काळ्याची करडी झाली होती. ऊन वगैरे काही नाही, फक्त समोरच्या झाडाचा आकार दिसू लागलेला. ती रडत होती, पण आधीसारखी तोंड फिरवून नाही. बावीस वर्षांत तो गोल मी शेकडो वेळा काढला असेन. माझी सारी जडणघडण मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारातली. ‘असायलाच हवं’ हा हट्ट दुःख वाढवतो, असं तो विचार सांगतो, त्यामुळे ‘च’ दिसला की माझी पेन्सिल आपोआप उचलली जाते. पण ‘आवडेल’ हा शब्द समोरच्या माणसाने स्वतःहून शोधून काढावा, असे प्रसंग मला बोटांवर मोजता येतील. त्या रात्री मी घरी चालत गेले.

चालताना मला जे उमगलं ते असं. मृण्मयीच्या डोक्यावर दोन गाठोडी होती. एक अंधाराचं, ते खरं पण लहान. दुसरं त्या दुःखाच्या लाजेचं, ते पहिल्याच्या तिप्पट. आणि ही लाज तिला मुंबईत कधी वाटली नव्हती, कारण मुंबईत कुणी कुणाला सुखी असण्याची सक्ती करत नाही. लेडीज डब्यात शिरलं की ‘शी, काय ही गर्दी’ इथून जे सुरू होतं ते सासू, साहेब, गुडघे, कांद्याचे भाव असं करत चर्चगेटपर्यंत चालतं. मटार सोलता सोलता अख्खा डबा तक्रार करत असतो, आणि उतरताना सगळ्या हलक्या झालेल्या असतात. मोकळेपणाने कुरकुर करायची मुभा ज्या गावात नाही, तिथे ऊन असून काय उपयोग? अमेरिकेत गेलेल्या माणसाची ती मुभा आपणच इथे बसून काढून घेतो.

म्हणून बदलीबद्दल मी मृण्मयीला आणि तिच्या नवऱ्याला म्हटलं, टेक्सासला ऊन आहे, पण शनिवार तिथेही आहे. आधी शनिवार सुधारू या, मग बदलीचा अर्ज खुशाल करा. ‘जाऊ नका’ असं मी म्हटलं नाही. काहींना खरंच उजेडाच्या गावी राहणं मानवतं, आणि त्यात हार मानण्यासारखं काही नसतं.

जे जायच्या आधीच घाबरून विचारतात, त्यांना मी नकाशा दाखवते. वॉशिंग्टन हे एकच हवामान नाही. मधोमध कॅस्केड पर्वतरांग आहे. पश्चिमेला ढग आणि भुरभुर. पूर्वेला यॅकिमासारख्या गावात वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस. आपल्याकडे महाबळेश्वर आणि म्हसवड एकाच साताऱ्यात आहेत, तसंच. दादरच्या बाजारात वॉशिंग्टनच्या नावाचं स्टिकर लावलेली सफरचंदं मिळतात, ती त्या पूर्वेकडच्या उन्हात पिकतात. तेव्हा कुणी एखादं राज्य उदास आहे म्हणालं, तर कुठला भाग, कुठला महिना आणि कोणाच्या घरातून, हे विचारून घ्या. नोकरी सुटणार असेल तर दिवसाचे दहा तास कसे जाणार, हे विमानाचं तिकीट काढण्याआधी ठरवा. ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणालेलं कुणीच बघत नाही, असा माझा अनुभव आहे.

आणि इथल्या घरच्यांना एक विनंती. ‘मजा आहे ना?’ हा प्रश्न नाही, त्यात उत्तर आधीच भरलेलं आहे. त्याऐवजी आज जेवायला काय केलंस विचारा, बाहेर पडलीस का विचारा, आणि ती ‘कंटाळा आलाय’ म्हणाली तर लगेच तिचं भाग्य मोजून दाखवू नका. मात्र दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन खचलेलंच असेल, झोप-भूक बिघडली असेल, जगणं नको असे विचार येत असतील, तर वही-बिही बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचा. भारतात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि अमेरिकेत ९८८ हे मदतीचे क्रमांक दिवसरात्र चालू असतात.

पुढच्या शनिवारी मृण्मयीने पडदे ओढले नाहीत. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, तेव्हा फोन खिडकीकडे वळवून म्हणाली, “हे बघा आई, काहीच दिसत नाही. साडेचारपासून असंच. आज दुपारी मी रडले.”

पलीकडे सगळे गप्प. मग सासूबाई पोह्यांची बशी खाली ठेवून, फोन उचलून गॅलरीत गेल्या. गुहागरहून लग्न करून लालबागच्या चाळीत आल्या होत्या त्या. म्हणाल्या, “मी नळ सोडून रडायचे. पाण्याच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही. तुझ्या सासऱ्यांनाही ठाऊक नाही हे.”

त्या दिवसाचं पान तिने मला फोटो काढून पाठवलं. आभाळ : काळोख. बोलले : सासूबाईंशी, पाऊण तास. मन : पाच. आणि पाच खोडून शेजारी, साडेपाच.