हुआ हिनचा फ्लॅट आणि भाट्याचं घर

प्रश्न नेहमीचा आहे. निवृत्तीचे पैसे हातात आलेत, परदेशात समुद्राकाठी शांत वस्तीत घर मिळतंय, पुण्यातल्या फ्लॅटपेक्षा महागही नाही, घ्यावं का? किनाऱ्यावरच्या गावांतून हा प्रश्न सल्ल्यासाठी बरेचदा जहाजावर नोकरी केलेले लोक आणतात. त्यांनी ती बंदरं पाहिलेली असतात. बायकोनं पाहिलेली नसतात, आणि अर्धी अडचण तिथेच असते.

हे जोडपं रत्नागिरीजवळच्या भाट्याचं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. काका 61 वर्षांचे, मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनिअर म्हणून नुकतेच निवृत्त झालेले. काकू 58, माध्यमिक शाळेत शिक्षिका होत्या. मुलगी पुण्यात. काकांनी थायलंडमध्ये हुआ हिनला एक कॉन्डो, म्हणजे इमारतीतला मालकीचा फ्लॅट, पसंत केला होता. बँकॉकपासून दोनशेएक किलोमीटर, निवृत्त युरोपियनांची मोठी वस्ती, खिडकीतून समुद्र. किंमत तेव्हाच्या दरानं साधारण 80 लाख रुपये. एजंटला आठवड्याभरात एक लाख बाट (थाई चलन) टोकन हवं होतं. काकूंचं म्हणणं एका वाक्यात संपलं: "समुद्रच हवा तर तो दारात आहे की, अहो."

अशा वेळी पहिल्या बैठकीत घराचा विषय बाजूला ठेवलेला बरा. दोघांना एकेक कोरा कागद दिला आणि हुआ हिनमधला एक साधा मंगळवार तासांनुसार लिहायला सांगितला. सण नाही, पाहुणे नाहीत. काकांचा कागद भराभर भरला: सहाला पोहणं, आठला कॉफी, वाचन, दुपारी झोप, संध्याकाळी किनाऱ्यावर फेरी. त्यात दुसऱ्या माणसाचं नाव कुठेच नव्हतं, काकूंचंसुद्धा. काकूंचा कागद सकाळी दहापर्यंत गेला आणि तिथे एक प्रश्नचिन्ह काढून थांबला. मग तोच मंगळवार भाट्यातला लिहायला सांगितला. काकूंना पान उलटावं लागलं: भजनी मंडळ, बागेतलं शिंपणं, जावेची शुगर तपासणं, दोन मुलांची शिकवणी. काकांच्या कागदावर दोन शब्द होते. "बाजार. पेपर."

बरीच वर्षं जहाजावर काढलेल्या माणसाचं घर त्याच्याशिवाय चालायला शिकलेलं असतं. चार महिन्यांच्या सुट्टीत तो पाहुणा असतो, त्याचे लाड होतात. कायमचा परतला की कुठल्या डब्यात काय आहे हेही त्याला विचारावं लागतं. त्यात गावात प्रत्येकाला त्याच्याकडून काहीतरी हवं असतं, आणि वडिलांच्या सातबाऱ्यावर चौदा नावं असतात. काकांना समुद्राची ओढ कमी होती, कुणी ओळखत नाही अशा जागेची जास्त होती. काकूंना नेमकी त्याचीच धास्ती. हे दोघांसमोर मोठ्यानं बोललं गेलं, तेव्हा काका म्हणाले, "इथे मी अजून उतरलोच नाहीये गं."

म्हणून इच्छा खोटी ठरत नाही. दुसऱ्या बैठकीत व्यवहार मांडला, कारण भावनेचा प्रश्न कळला तरी पैशाचा उरतोच.

थायलंडमध्ये परदेशी माणसाला जमीन स्वतःच्या नावावर घेता येत नाही. कॉन्डो घेता येतो, पण एका इमारतीतल्या विक्रीयोग्य क्षेत्रफळाच्या 49 टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते. म्हणून टोकन देण्याआधी इमारतीच्या व्यवस्थापनाकडून परदेशी कोट्यात जागा शिल्लक असल्याचं लेखी पत्र घ्यायचं, आणि नोंदणीच्या वेळी थकबाकी नसल्याचा दाखला. बागेसकट बंगला देतो म्हणणारा एजंट तीस वर्षांचा भाडेपट्टा दाखवतो आणि वर ‘अजून तीस, अजून तीस’ म्हणतो. नोंदवता येतात ती पहिली तीसच. दुसरी वाट म्हणजे स्थानिक माणसांच्या नावानं कंपनी काढायची. आपल्याकडे शेतकरी नसलेला मुंबईकर दुसऱ्याच्या नावावर आंब्याची बाग घेतो, त्यातलाच प्रकार, आणि तिथेही तो बेकायदाच. हे ऐकून काका हसले. असे दोन बागायतदार त्यांच्या ओळखीचे होते.

सर्वात जास्त घोळ पैसे पाठवण्यात होतो. रक्कम परकीय चलनात थायलंडला पोहोचली पाहिजे आणि तिचे बाट तिथल्या बँकेत झाले पाहिजेत. त्याचं प्रमाणपत्र ती बँक देते आणि ते दाखवल्याशिवाय कॉन्डो परदेशी माणसाच्या नावावर चढत नाही. इथूनच बाट करून पाठवले की काम अडतं. पैसे पाठवण्याचं कारण ‘कॉन्डो खरेदी’ असंच लिहायचं. नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. आपल्याकडे बँकेत स्वतःचं, वडिलांचं, आडनाव असं सलग असतं, पासपोर्टवर ते दोन रकान्यांत विभागलेलं, आणि बायकांच्या बाबतीत माहेरचं नाव कुठेतरी राहून गेलेलं असतं. काकूंचं तसंच निघालं. आधी ते दुरुस्त करायचं, मग बाकी सगळं. आणि ते प्रमाणपत्र जपून ठेवायचं, कारण पुढे घर विकून पैसे बाहेर काढताना तेच लागतं.

भारताच्या बाजूनं निवासी माणसाला एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते, घरासाठीसुद्धा. दहा लाखांच्या वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. एकट्यानं 80 लाख पाठवले तर 14 लाख अडकतात. ते विवरणपत्रात वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोवर हातात नसतात. काकांकडे मात्र एक वेगळी वाट होती. जहाजावर असताना ते अनिवासी होते, पगार अनिवासींसाठीच्या एनआरई खात्यात साठलेला. परतल्यावर हे खातं निवासी करावं लागतं, आणि तेव्हाच ती शिल्लक आरएफसी खात्यात, म्हणजे निवासी माणसाच्या परकीय चलन खात्यात, वळवता येते. आरएफसीतले पैसे परदेशात वापरायला एलआरएसची मर्यादा लागत नाही. बँकेत न विचारता खातं साधं बचत करून टाकणारे कितीतरी असतात. काकांनी सुदैवानं अजून फॉर्म भरला नव्हता.

घर घेतलं की दरवर्षी विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते दाखवायचं, भाडं येवो न येवो. आयटीआर-1 हा साधा फॉर्म चालत नाही. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो.

आणि घर म्हणजे व्हिसा नव्हे, हे एजंट शेवटी सांगतो. पन्नाशी ओलांडलेल्यांना निवृत्तीच्या कारणावर तिथे राहण्याची वर्षाची मुदतवाढ मिळते. त्यासाठी थाई बँकेत आठ लाख बाट, म्हणजे वीस लाख रुपयांच्या वर, अर्जाआधी दोन महिने आणि नंतर तीन महिने ठेवावे लागतात. पुढे चार लाखांच्या खाली जाता येत नाही. पर्याय म्हणजे महिना 65 हजार बाट उत्पन्न. सलग राहिल्यास दर नव्वद दिवसांनी पत्ता कळवायचा. मध्ये देश सोडायचा तर निघण्याआधी री-एंट्री परमिट काढायचं, नाहीतर मुदतवाढच रद्द होते. काकूंना गणपतीला आणि शिमग्याला भाट्यात असणं भाग होतं, तेव्हा अनेक वेळा चालणारं 3,800 बाटचं परमिट त्यांच्या हिशोबात लिहिलं. कॅलेंडर वर्षात 180 दिवस राहिलं की तिथले करनिवासी ठरतो, आणि 2024 पासून बाहेरून आणलेल्या उत्पन्नावरही कर विचारला जातो. दुहेरी करटाळणीचा करार आहे, पण कागद सांभाळावे लागतात.

मग काकूंचा खरा प्रश्न आला. रात्री दोन वाजता काका न्हाणीघरात पडले तर? हे घर घेणाऱ्या प्रत्येक जोडप्यानं कागदावर लिहून काढावं: फोन कुणाला, भाषा कुठली, रुग्णालय किती मिनिटांवर, आगाऊ रक्कम कुठल्या कार्डावरून. आपल्याकडची साधी मेडिक्लेम तिथे बहुधा लागू होत नाही, आणि साठीनंतर रक्तदाब असलेल्याला नवी पॉलिसी महाग पडते किंवा नेमका तोच आजार वगळून मिळते. काकांना रक्तदाब आहे. मुलीला पुण्याहून मुंबई, साडेचार तासांचं विमान आणि वर तीनेक तास रस्ता. भाट्यात जाऊबाई भिंतीपलीकडे.

ठरलं ते असं. टोकन द्यायचं नाही. ऑक्टोबरच्या मध्यापासून साठ दिवस टुरिस्ट व्हिसावर त्याच वस्तीत भाड्यानं राहायचं. हुआ हिनला तेव्हाच मोठा पाऊस असतो, भिंतींना ओल येते का, लिफ्ट बंद पडली तर किती वेळ लागतो, हे सगळं कळतं. दोघांनी मिळून लिहिलेली अटही होती: या काळात काकूंना तिथे ओळखीची निदान दोन माणसं झाली पाहिजेत, आणि ती जोडायला काकांनी सोबत जायचं.

निघण्याआधी काकांनी तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज टाकला आणि मुलीच्या नावे कुलमुखत्यारपत्र रत्नागिरीतच करून घेतलं, कारण परदेशात केलेलं वकिलातीतून साक्षांकित करून आणावं लागतं आणि इथे आल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. डिसेंबरमध्ये परतल्यावर घर घेण्याबद्दल दोघांनी एकमेकांना न दाखवता आपापलं मत लिहून आणायचं आहे. आरएफसी खात्याचा फॉर्म मात्र त्याच आठवड्यात भरून झाला.