आधी अळीचं झाड ओळखा, मग फुलपाखरू

फुलपाखरांची नावं पाठ करण्याची घाई नको. सुरुवातीला एकच झाड निवडा, लिंबाचं किंवा कढीपत्त्याचं, आणि रोज त्याची कोवळी पानं उलटून बघा. 'लिंबाळी' या फुलपाखराची मादी पानावर पाय आपटताना दिसेल. तिच्या पायांना चव कळते. झाड योग्य वाटलं की मोहरीएवढं पिवळसर अंडं चिकटवून जाते. त्यातून येणारी अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे नवख्यांच्या नजरेतून हमखास सुटते. मोठी झाली की हिरवीगार होते. हलकेच डिवचलंत तर डोक्यामागून दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. हे एकदा तरी बघाच!

अळी घरी वाढवणार असाल तर या चुका टाळा:

- भलत्याच झाडाची पानं देणं. अळी उपाशी मरेल, पण ती खाणार नाही.
- डबा घट्ट बंद ठेवणं. आत दमटपणा साचतो आणि बुरशी येते.
- कोष फोडायला 'मदत' करणं. बाहेर आल्यावर पंख ओले, चुरगळलेले असतात. फुलपाखरू पंख खाली सोडून लटकतं आणि त्यांत द्रव भरतं. त्याला जागा द्या, तास-दोन तास हात लावू नका.

उडणारी फुलपाखरं बघायची तर सकाळी कोवळ्या उन्हात जा. अंग तापल्याशिवाय त्यांना उडता येत नाही, पंख पसरून बसलेली असतात. फक्त तुमची सावली त्यांच्यावर पडू देऊ नका.

बाकी कॅमेरा, लेन्स वगैरे नंतर बघू.