कॅन्सर रुग्णांच्या मदतीसाठी २०० किमी सायकल चालवायची आहे. सहा महिन्यांत तयारी होईल का, आणि लोक खरंच पैसे देतात का?

होईल. रोज तासभर आणि रविवारी लांब, दर रविवारी दहा-पंधरा किलोमीटर वाढवत गेलात तर सहा महिने भरपूर झाले. ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, २०० किमीसाठी साडेतेरा तास मिळतात, तेवढ्यात होतं. दुसऱ्या प्रश्नाला मात्र सविस्तर लिहावं लागेल, कारण त्यावरून आमच्या घरात तीन वर्षं वाद चालू आहे.

मी लातूरची, माहेर मुरुडचं. माझी माय २०१२ साली गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरनं गेली. आठ महिने तिनं अंगावर काढलं. पाळी जाऊन सहा वर्षं झालेली, तरी परत लाल जात होतं. परसात ती जुन्या लुगड्याच्या चिंध्या धुऊन दुसऱ्या कपड्याखाली वाळत घालायची, आणि दिवाळीला महिनाभर माहेरी राहूनही मला ते दिसलं नाही. बार्शीला नेलं तोवर आजार पुढं गेला होता. पाच आठवडे शेक, म्हणजे रेडिएशन दिलं, आठवड्यातले पाच दिवस. आक्का आणि मी पाळीपाळीनं तिच्याजवळ.

सगळ्यात जास्त काय सलतं ते सांगते. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा यांनी मिळून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला होता. २००९ साली निकाल छापून आला. ज्या गटात एकदाच एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर ज्याच्यामुळं होतो त्या विषाणूची तपासणी झाली, तिथं या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या मानानं जवळपास निम्मे झाले. मुरुडपासून त्या जिल्ह्याची हद्द किती जवळ आहे, हे त्या रस्त्यानं गेलेल्यांना माहीत आहे.

म्हणून मी ठरवलं, लातूर ते बार्शी आणि परत, एका दिवसात. जमलेले पैसे रुग्णासोबत राहणाऱ्या माणसासाठी. उपचार महात्मा फुले योजनेत बसतात, पण सोबतच्या माणसाचं जेवण, खोलीचं भाडं, बुडालेली मजुरी हे कुठं बसतं? पाच आठवडे घर बंद ठेवून बसलेल्या माणसाला विचारा.

दाजी म्हणाले, "तंगड्या तोडून घेण्यापेक्षा तेवढे पैसे सरळ देऊन टाक की." सगळ्यांसमोर, जेवणाच्या पंगतीत.

तरी निघाले. डिसेंबर, पहाटे चार. मुरुड मागं पडेपर्यंत अंधारच होता. ढोकीच्या अलीकडं एका हॉटेलात चहाला थांबले. चुलीपाशी बसलेल्या बाईनं सायकलला बांधलेला फलक पोराकडून वाचून घेतला. पदराच्या गाठीतले दहा रुपये काढून माझ्या हातावर ठेवले, आणि पोरगं पाणी आणायला गेल्यावर हळूच म्हणाली, "बाई, माझंबी तसंच हाय. चार सालापासून पाळी न्हाई, आन् दिवाळीपासून परत जातंय." नवऱ्याला सांगितलंस का? न्हाई. सासूला? न्हाई. घामानं भिजलेल्या, फुफाट्यानं भरलेल्या एका परक्या बाईला सांगितलं. मी तिथंच पाऊण तास बसले. चार वर्षांनी परत जातंय म्हणजे थांबायचं नाही, आजच्या आज दाखवायचं, एवढंच पुन्हा पुन्हा सांगितलं. ती नंतर बार्शीला गेली. काय निघालं ते तिचं तिच्यापाशी.

मोटारीनं जाऊन देणगीची पावती फाडली असती तर ती बाई माझ्याशी बोलली असती का?

दाजी दरवर्षी कोजागिरीला तुळजापूरला पायी जातात. पायाला फोड घेऊन येतात आणि आक्का गरम पाण्यात मीठ घालून पाय शेकते. देवीला एसटीनं गेलेलं चालत नाही का? चालतं. पण माणूस चालायला लागला की रस्त्यावरचा परका माणूस त्याला चहा देतो, पाय दाबून देतो, आपलं दुखणं सांगतो. आमच्या मुलखाला हे शिकवायला नको. कॅन्सरनं एक पाय गेलेला कॅनडाचा टेरी फॉक्स कॅन्सरवरच्या संशोधनाला पैसे जमवायला १९८० साली एका कृत्रिम पायावर १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. सुरुवातीला रस्त्यावर फारसं कुणी नव्हतं. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत देशातल्या माणशी एक डॉलर जमला. घरी बसून मागितले असते तर कुणी दिले असते?

आता पैशाचं. लोक देतात, पण आधी मागा. "किलोमीटरमागे दहा रुपये" असं कबूल करून घेण्याच्या नादाला लागू नका. माझ्याकडं ६१ जणांनी कबूल केलं, ३८ जणांनी दिले. निघायच्या आधी हातात येतील तेच खरे. आपल्या खात्यात एक रुपया घेऊ नका, देणाऱ्यानं थेट संस्थेच्या किंवा हॉस्पिटलच्या खात्यात भरावा आणि पावती त्याच्याच नावानं निघावी. पहिल्या वर्षी मी एका संस्थेच्या भरवशावर राहिले. त्यांनी टी-शर्ट आणि बॅनरवर इतका खर्च केला की हिशेब बघून मी रडले. फलक घरच्या पुठ्ठ्यावर लिहा.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. आमच्याकडं हे नोव्हेंबर ते जानेवारीतच करा, मार्चनंतर ऊन झेपत नाही. पण तोच उसाचा हंगाम असतो. दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांना मागं लाल दिवा नसतो, त्यामुळं अंधारात सायकलला मागं-पुढं दिवे आणि अंगात चकाकणारं जाकीट हवंच. बार्शीहून परतताना मला वारा तोंडावर होता आणि शेवटच्या चाळीस किलोमीटरला जातानाच्या दुप्पट वेळ लागला. ताकद आणि पाणी राखून ठेवा. बाभळीच्या काट्यांसाठी दोन ट्यूब जास्तीच्या. बीपी किंवा शुगर असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय सुरू करू नका. आणि देणगीवरची करसवलत हवी असणाऱ्यांना सांगा की दोन हजारांच्या वर रोख दिलं तर ती मिळत नाही, नव्या करप्रणालीत तर तशीही नाही.

दाजींनी अजून एक रुपया दिलेला नाही. पण गेल्या महिन्यात आक्काला तपासणीला त्यांनीच नेलं, हेही लिहायला हवं.