कॉफी चेन ग्राहकांच्या आवडीप्रमाणे नवा रोस्ट कसा ठरवतात?

ग्राहकांना विचारून ठरवतात, ही समजूत आधी सोडा. सर्व्हेत बरेच जण कडक, गडद कॉफी हवी म्हणून सांगतात आणि कप पुढे ठेवले की वेगळीच उचलतात.

मी एका चेनच्या रोस्टिंग विभागात होते. तिथे लाइट रोस्ट, म्हणजे कमी भाजलेली कॉफी, आणायचं ठरलं. साधारण १९६ अंश सेल्सिअसला बिया तडतडतात, तो फर्स्ट क्रॅक. त्यानंतर जितकं थांबाल तितका आंबटपणा उतरतो आणि कडवटपणा चढतो, त्यामुळे बिया नेमक्या कधी बाहेर काढायच्या यावर आमचे कितीतरी आठवडे गेले. मग कपिंग, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने चव तपासणं: १५० मिली पाण्याला ८.२५ ग्रॅम पूड, चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने मोडायचा, वास घ्यायचा, सुर्रकन ओढायचं. मग ट्रँगल टेस्ट, म्हणजे दोन कप सारखे, तिसरा वेगळा, तो ओळखायचा. सगळं शिस्तीत झालं, पण एकाही कपात दूध पडलं नाही! आपलं गिऱ्हाईक दूध-साखर घालून पितं, चाचणीही तशीच करा, असं मी बैठकीत सांगितलं. "दुधात चव काय कळणार?" म्हणून मार्केटिंगच्या साहेबांनी विषय संपवला. दुधात तो फळांसारखा आंबटपणा दबतो आणि कॉफी पांचट लागते. दुकानांत नेमकं तेच झालं. अहवालात मात्र दोष रोस्टिंगवर आला, आणि तो मला आजही मान्य नाही.

आता तुमचा प्रश्न. मोठ्या चेन आपल्याकडे न येणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघून रोस्ट आणतात. गडद कॉफीसाठी ओळखल्या जाणाऱ्या स्टारबक्सने २०१२ मध्ये हलका भाजलेला ब्लाँड रोस्ट काढला, तो ज्यांना तिची कॉफी करपट वाटायची त्यांच्यासाठी. कॅनडाची चेन टिम हॉर्टन्स १९६४ पासून सौम्य कॉफी विकत होती, तिने २०१४ मध्ये डार्क रोस्ट आणला. शिवाय पीक दरवर्षी बदलतं आणि चव मात्र सगळ्या दुकानांत सारखी ठेवायची असते, म्हणून ब्लेंड, म्हणजे बियांचं मिश्रण, आणि भाजण्याची वेळ सतत जुळवत राहावी लागते.

तुम्ही स्वतः रोस्ट ठरवणार असाल तर दुधासकट चाखा, आणि दुकानात येणाऱ्या पाण्यानेच करा, कारण जड, म्हणजे जास्त क्षारांच्या, पाण्यात चव बदलते. अर्थात बहुतेक गिऱ्हाईक काळी कॉफी पिणारं असेल तर काळीच चाखावी. कोण काय पितं ते बिलांवरून एका दुपारी कळतं. तो आकडा मी त्या बैठकीतही मागितला होता.