लग्नाचे चित्रीकरण एकट्याने करताना आवाज खात्रीने कसा रेकॉर्ड करावा?

कॅमेरा सांभाळताना आवाजाकडे सतत लक्ष देता येणार नाही, हे गृहीत धरूनच तयारी करावी आणि मुख्य आवाज किमान दोन स्वतंत्र ठिकाणी रेकॉर्ड होईल असे पाहावे. गुरुजींचा कॉलर माइक उपरण्याखाली न दडवता त्याच्या काठावर, हनुवटीपासून साधारण वीतभर खाली लावावा, कारण कापड माइकवर घासून होणारी खरखर नंतर स्वच्छ काढणे फार अवघड असते. हा माइक वायरलेसऐवजी कमरेला अडकवलेल्या छोट्या रेकॉर्डरला जोडल्यास कार्यालयाच्या गर्दीत सिग्नल तुटण्याची भीतीच राहत नाही; माझ्या मते सर्वांत मोठा फरक याच एका गोष्टीने पडतो. रेकॉर्डर ३२ बिट फ्लोटचा (म्हणजे आवाज अचानक चढला तरी एडिटिंगमध्ये तो न फाटता खाली आणता येईल असा) असल्यास उत्तम, अन्यथा मंत्रांचा सर्वांत चढा आवाज रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावा (शून्याला आवाज फाटतो), म्हणजे मंगलाष्टके संपताच उसळणाऱ्या वाजंत्री आणि टाळ्यांसाठी जागा उरते. दुसरा रेकॉर्डर साउंडवाल्याच्या मिक्सरला जोडताना इनपुट ‘लाइन’वर (माइकपेक्षा जोरदार सिग्नलसाठीच्या सेटिंगवर) ठेवून हेडफोनने स्वतः ऐकावे. कॅमेऱ्याचा माइकही चालू असू द्यावा, कारण एडिटिंगमध्ये बाकीचे आवाज त्याच्याशीच जुळवायचे असतात. बॅटऱ्या अर्थातच नव्या घालाव्यात.