घरातले चांदीचे रुपये जपायचेत?

भाऊ, आधी चिंच, रांगोळी, टूथपेस्ट बाजूला ठेवा. काळपटपणा म्हणजे गंधकामुळे चांदीवर चढलेला थर. घासला की नक्षी झिजते, किंमत उतरते. लक्ष्मीपूजनाचं हळदकुंकू चिकटलंय? डिस्टिल्ड पाण्यात भिजवा, सुती कापडाने नुसतं टिपा.

राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचा) रुपया ११.६६ ग्रॅम भरतो. चुंबकाला चिकटला तर नकली (१९४७ चा राजाचा रुपया मात्र निकेलचा, तो चिकटणारच). १९४० ते १९४५ च्या रुपयांत चांदी निम्मीच, सराफाकडे सगळे एका भावात तोलू नका.

पीव्हीसीचं, म्हणजे मऊ प्लास्टिकचं, पाकीट नकोच. जळगावच्या मे महिन्यात ते पाझरतं अन् नाणं हिरवं, चिकट होतं. रबरबँडमध्येही गंधक असतं. कुणाच्या लग्नात, कुणी दिला, ते पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहा.