त्यांच्याकडे काहीतरी मागून बघ

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमच्या शेजारी एक वयस्कर बाई एकट्या राहतात. पूर्वी त्या शाळेत गणित शिकवायच्या. ‘शेजाऱ्यावर प्रीती कर’ हे बायबलमधलं वचन मनात धरून गेले 8 महिने मी त्यांची औषधं आणते, घर झाडून देते, दवाखान्यात नेते. त्या कधी बरं बोलत नाहीत. उलट ‘मी काही सांगितलं नव्हतं’ असं ऐकवतात. मुलगा पाचवीत आहे, घरचंही सगळं मलाच बघावं लागतं. आता त्यांचं दार वाजवतानाच माझ्या कपाळाला आठ्या पडतात. असं चिडून केलेलं प्रेम देवाला चालतं का?
– एक भगिनी

उत्तर : तुझं पत्र वाचून मला माझं अंथरूण आठवलं. 31 वर्षं मी परिचारिका होते. दुसऱ्यांचं करण्यातच आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर मांडीचं हाड मोडलं आणि तीन महिने पडून राहिले. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, भगिनी आळीपाळीने यायच्या. एकजण तर न विचारता माझं कपाट आवरून जायची. मी ‘देव तुझं भलं करो’ म्हणायचे, आणि ती गेली की भिंतीकडे तोंड करून रडायचे. माझ्याच घरात मी पाहुणी झाले होते.

मग एक दिवस एक तरुण मुलगी ब्लाऊज घेऊन आली. म्हणाली, “काकू, मला काजं जमत नाहीत. तुम्ही करून द्याल?” माझे हात धड होते, हे तेवढं तिच्याच लक्षात आलं होतं. मी चार काजं केली. दुसरं काज जरा वाकडं झालं, तर उसवून पुन्हा केलं. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात प्रभू येशू दमून याकोबाच्या विहिरीवर बसलेला आहे. पाणी भरायला आलेल्या शोमरोनी, म्हणजे शोमरोन प्रांतातल्या, बाईशी त्याचं पहिलं बोलणं काय? तिच्याकडे तो प्यायला पाणी मागतो. जिवंत पाणी देणारा आधी स्वतः मागतो! यहूदी शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत, त्यामुळे ती चकित होते आणि बोलायला लागते. यरीहोच्या वाटेवरच्या बार्तिमयाचंही तसंच. आंधळ्याला काय हवं असणार, हे कोणीही सांगेल. तरी प्रभू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करू? (मार्क 10:51). तुझ्या शेजारणीला हे कोणी विचारलंय का? ‘मी सांगितलं नव्हतं’ या वाक्यात मला तरी कृतघ्नपणा ऐकू येत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवणाऱ्या बाईला आता नुसतं घेत बसावं लागतंय, ते दुखणं ऐकू येतं.

आता चिडण्याचं. ‘प्रीती चिडत नाही’ हे करिंथकरांच्या पत्रातलं वाक्य तू स्वतःला छडीसारखं मारून घेत असशील, तर मत्तयाचा 21वा अध्याय काढ. तिथल्या दाखल्यात बापाने द्राक्षमळ्यात जा म्हटल्यावर एक मुलगा ‘नाही जात’ म्हणाला, पण पस्तावून गेला. दुसरा ‘जातो’ म्हणाला आणि गेलाच नाही. बापाची इच्छा पहिल्यानेच पुरी केली. आठ्या घालून का होईना, तू गेलीस. देवाने ते पाहिलंय.

पण एकटीने ओढू नकोस. येशूच्या दाखल्यातल्या दयाळू शोमरोनी माणसाने वाटेत पडलेल्या जखमीला उतारशाळेत नेलं, रात्र त्याच्यापाशी काढली आणि दुसऱ्या दिवशी दोन दिनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, उतारशाळेच्या रखवालदाराला देऊन पुढच्या वाटेला लागला. येताना पुन्हा बघतो म्हणाला, पण तिथेच मुक्काम ठोकला नाही. दवाखान्याची फेरी मंडळीतल्या दुसऱ्या कोणाकडे सोपव. पाळकांना स्पष्ट सांग, मला झेपत नाही. त्यात कमीपणा नाही.

आणि या आठवड्यात झाडू घरीच ठेव. मुलाला घेऊन जा, त्याची गणिताची वही घेऊन जा. “बाई, याला भागाकार समजत नाही, मला शिकवता येत नाही, तुम्ही बघाल का?” एवढंच विचार. पहिल्यांदा त्या नाही म्हणतील कदाचित. म्हणू देत, पुढच्या आठवड्यात परत विचार. हो म्हणाल्या, तर तू मध्ये बोलू नकोस, गप्प बसून राहा. काय झालं ते मला कळव, मी वाट बघते.